राघोच्या खेळातलं पोतं

आमच्या चाळीचे मालक गुणाजी कोळी. त्यांनी ब्याऐंशी साली एक नवं जाळं घेतलं, तिथून सुरुवात करतो. गोष्ट त्यांच्या मुलाची, राघोची आहे, आणि ती कॉम्प्युटरच्या खेळाची आहे. पण जाळं वगळलं तर ती उभीच राहत नाही, म्हणून आधी जाळं.

डोंबिवलीला पश्चिमेकडे, खाडीच्या अंगाला गुणाजींची वडिलार्जित जागा. तिथे त्यांनी एकमजली चाळ बांधली आणि वरच्या दोन खोल्या मला भाड्यानं दिल्या. मी मुरबाडकडचा माणूस, शाळा सातवीपर्यंत, पोट मोहन्याच्या कारखान्यात. मासळी खायला मी या चाळीत शिकलो, आणि शिकल्यावर थांबलो नाही. गुणाजींच्या मनुबाई बाजारात बसायच्या. निवट्या, ती खाडीच्या चिखलातली मासळी, असल्या की माझ्या वाटच्या बाजूला ठेवायच्या आणि वर म्हणायच्या, "अप्पा, तुमी बामणावानी काटं काढत बसता, सगलं निवून जातं." बामण मी नव्हे, पण तोंडात काटा असताना कोण वाद घालतो.

तर ते जाळं. नायलॉनचं, निळसर, हाताला रेशमासारखं. गुणाजींनी ते आणलं, चाळीतल्या सगळ्यांना हात लावून बघू दिलं, आणि माळ्यावर चढवलं. खाडीचं पाणी तेव्हा काळं पडायला लागलं होतं. मासळी कमी, गाळ जास्त. "या पान्यात नवं जालं घालू? पानी निवलू दे, मंग काढतो," म्हणायचे. आणि जुनं, ठिगळं लावलेलं जाळं घेऊन होडीत बसायचे.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावच्या शाळेत पृथ्वीचा गोल आला होता, तालुक्याहून, बैलगाडीतून. गुरुजींनी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं, पोरांचे हात लागून रंग जाईल म्हणून. भूगोल आम्हाला कवठावर शिकवला. माझ्या डोक्यात आजही पृथ्वी म्हटलं की कवठच येतं आणि तोंडाला पाणी सुटतं. चांगली वस्तू जपायची, हे आम्ही पृथ्वीपासून शिकलेले लोक.

एक्याण्णवात गुणाजी वारले. पाणी निवळलं नव्हतं. दिवस झाल्यावर त्यांचे धाकटे भाऊ जाळं मागायला आले, वसईकडच्या नातलगांबरोबर धंदा करतो म्हणाले. राघो माळ्यावर चढला, मी खालून हात दिला. जाळं ओढलं तर अर्धं हातात आलं आणि अर्धं वरच राहिलं. उंदरांनी आत घर केलेलं. पिल्लं काढली होती, मोठी केली होती, ती पिल्लंही म्हातारी झाली असतील. अंगणात पसरलं तेव्हा निळ्या चिंध्यांचा ढीग झाला, आणि त्यात भेंडं, म्हणजे जाळं तरंगतं ठेवणारे ते हलके गोळे, तेवढी कोरी करकरीत राहिली होती. राघोनं एक भेंड उचललं आणि खिशात टाकलं.

राघो तेव्हा ठाकुर्लीला एका क्लासात कॉम्प्युटर शिकवायचा. ठाण्याचा टोनी त्याचा दोस्त. खाडीकाठच्या किरिस्ताव शेतकऱ्यांच्या घरातला, पण शेती सोडून कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान काढलेला. त्यानं राघोला एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला, काळ्या-पांढऱ्या पडद्याचा. वर परदेशी खेळांच्या फ्लॉप्या दिल्या. फ्लॉपी म्हणजे काळी चौकोनी पातळ पाकिटं, आत गोल फिल्म. अख्खा खेळ त्या पाकिटात मावायचा, हे मला अजून खरं वाटत नाही.

त्या खेळांत राजे असायचे, राक्षस, जादूगार, तलवारी. मी राघोच्या मागे स्टूल टाकून बसायचो आणि हुशारी करायचो. राघोचा एका गोष्टीवर फार राग. खेळातला वीर कुणाच्या घरात शिरतो. घरात पेले, पळ्या, मेणबत्त्या, केरसुणी, सुतळीचा गुंडा. सगळं उचलता येतं, पिशवीत टाकता येतं, वजनही वाढतं. आणि उपयोग काय? काही नाही. पळीनं काही ढवळता येत नाही, सुतळीनं काही बांधता येत नाही.

"मग ठेवलंय कशाला?" मी विचारलं.

"घर भरलेलं दिसावं म्हणून," राघो म्हणाला. "शोभेला."

हे त्याला सहन होत नव्हतं. मनुबाईंच्या घरी शोभेची वस्तू म्हणजे एक देव्हारा, आणि त्याच्यातही किल्ल्या ठेवायच्या. त्यानं ठरवलं, आपण आपला खेळ करायचा. त्यात तलवार नाही. जे काही आहे ते घरातला पसारा, आणि पसाऱ्यातल्या प्रत्येक वस्तूला एक काम.

त्र्याण्णवात तो बसला. मराठी अक्षरं त्या यंत्रात नव्हतीच. राघोनं चौकटीच्या कागदावर ठिपके भरभरून एकेक अक्षर काढलं. 'ळ'नं त्याला फार छळलं. वासंती, म्हणजे त्याची बायको, बालवाडीत शिकवायची. तिनं तो कोनातून वळवून दिला. सकाळी क्लासला जायच्या आधी आणि रविवारी दिवसभर, असं तीन वर्षं चाललं.

खेळ असा. खाडीच्या तळाला गाळोबा नावाचा राक्षस. तो गावं गिळतो आणि गाळ करून टाकतो. एका होडीवाल्याचा पोरगा पोतं खांद्याला मारून निघतो, घराघरांतून मोडकंतोडकं गोळा करतो आणि गाळोबाच्या राज्यात उतरतो. फुटकी चाळण मिळाली तर गाळ चाळून त्यातून किल्ली काढायची. रिकाम्या बाटलीत काजवे भरायचे, की दिवा झाला. वाटेत एक हडळ बसलेली, केसांच्या जटा झालेल्या, कुणाला पुढे जाऊ देत नाही. तिला मोडकी फणी द्यायची. ती गुंता सोडवत बसते, आपण पुढे. वस्तू एकदा वापरली की संपली. आणि शेवटी गाळोबासमोर, गुडघाभर गाळात, पोतं जितकं जड तितके तुम्ही लवकर बुडणार. म्हणजे जो वापरत वापरत आला, रिकामा होत आला, तो तरला. त्याच्या हातात तेवढं भेंड राहायला हवं. मला हे ऐकूनच इतका आनंद झाला की मी अख्ख्या चाळीला सांगत फिरलो.

आता मजा बघा. शहाण्णवच्या उन्हाळ्यात राघोनं चाळीतल्या माणसांना एकेक करून खेळायला बसवलं. पहिल्या आमच्या शेजारच्या मंदाकिनीताई. फोर्टात कचेरीत होत्या, हुशार बाई, पण लग्नाच्या भेटीवरचा कागद इस्त्री करून गादीखाली ठेवणाऱ्या. त्यांनी सगळी घरं धुंडाळली, सगळं गोळा केलं, आणि हडळीपाशी आल्या.

"ताई, फणी द्या तिला," राघो म्हणाला.

"एवढी चांगली फणी? हिला? दात मोडतील रे."

"मोडू द्या. त्यासाठीच ठेवलीय."

"नको. पुढे कोणी मोठी बाई भेटली तर तिला देऊ."

आणि ताई हडळीला वळसा घालून, काट्यांतून, अर्धमेल्या होऊन पुढे गेल्या. गाळोबापर्यंत पोचल्या तेव्हा पोतं गच्च भरलेलं. पाऊल टाकलं आणि गडप.

मग मी बसलो. काजव्यांची बाटली माझ्या पोत्यात होती आणि मी भुयारातून अंधारात चाचपडत गेलो. राघो डोक्याला हात लावून म्हणाला, "अप्पा, बाटली काढा." मी म्हटलं, अजून थोडं दिसतंय, उजेड पुढे लागेल. विहिरीत पडलो. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राघो हसत नव्हता.

चाळीत जो बसला तो असाच बुडाला. राघोनं खेळ बदलला. वाटेत एक म्हातारी बसवली, ती प्रत्येकाला सांगायची, पोरा, हाताशी आहे ते वापर. लोक म्हातारीला नमस्कार करून पुढे जायचे. मग त्यानं पोत्याला उंदीर लावले. फार दिवस ठेवलेली वस्तू उंदीर कुरतडून टाकणार. त्याला वाटलं, आता तरी वापरतील. मंदाकिनीताईंनी सगळा रविवार खेळात मांजर शोधण्यात घालवला. शेवटी त्यांनी विचारलं, "राघो, मांजर कुठल्या घरात ठेवलीयस?"

"मांजर नाही, ताई."

"मग उंदीर कशाला सोडलेस? काहीतरीच तुझं."

मनुबाईंना तोवर डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं. त्या खेळत नसत, उंबऱ्यात बसून ऐकायच्या. एकदा त्यांनी विचारलं, गाळोबा मेला की पुढं काय व्हतं. राघो म्हणाला, पाणी निवळतं. बाबांची होडी येते आणि नवं जाळं पाण्यात पडतं. एवढा शेवट त्यानं अजून काढला नव्हता. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर काळं पाणी सोपं, म्हणायचा. निवळ पाणी काढायला बसलो की पडदा नुसता रिकामा दिसतो.

मनुबाई ऐकून उठल्या आणि चूल बघायला गेल्या.

पाऊस सरता सरता टोनी ठाण्याहून आला. त्याला दिवाळीत विकायच्या प्रत्येक कॉम्प्युटरबरोबर एक खेळ फुकट द्यायचा होता. राघोचा खेळ त्याला ऐकून माहीत होता, आता खेळून बघितला. तोही बुडाला, आणि खुर्चीतून खाली पडायचा राहिला इतका हसला. पुन्हा खेळला, पुन्हा बुडाला. मग म्हणाला, "राघो, बॉस, मला हा असाच दे. शुक्रवारपर्यंत फ्लॉप्या दे, मी कॉप्या मारून घेतो. खोक्यावर तुझं नाव छापतो, मोठ्या अक्षरात. मराठीत."

वासंती चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. तिच्या तोंडावर काय आलं ते मी बघितलं. तीन वर्षं रविवारी नवऱ्याची पाठ बघितलेली बाई होती ती.

राघो म्हणाला, शेवट व्हायचाय.

"अरे, शेवटापर्यंत पोचतंय कोण?" टोनी म्हणाला. "सगळे बुडतायत. तुझं पाणी बघणार कोण?"

तो गमतीनं म्हणाला. मलाही हसू आलं. राघोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. म्हणाला, "अर्धवट नाही देणार. दिवाळीला नको. नाताळला घे."

टोनी भला माणूस. बरं म्हणाला, नाताळ तर माझाच सण. आणि दिवाळीत त्यानं दुसराच कसला तरी गाड्या पळवायचा खेळ दिला.

टोनी गेल्यावर मनुबाई उंबऱ्यातून बोलल्या. त्या राघोला कधी रागे भरत नसत. "राघ्या, मावरं सकालच्याला इकायचं. सांजंपरत ठेवलंस तं मांजराचं."

"आई, ही मासळी नाही."

"नाय तं नाय," म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

नाताळला पाणी झालं नव्हतं. राघो ते काढायचा, पुसायचा. जानेवारीत टोनीनं निरोप पाठवला, राघोनं उलट निरोप पाठवला, गुढीपाडव्याला नक्की. मध्येच कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की टोनीचं दुकान लहान, एवढा माल अशा ठिकाणी फुकट घालवू नये, मुंबईत मोठ्या कंपन्या येताहेत. ते त्याला पटलं. मला म्हणाला, "अप्पा, वस्तू चांगली आहे. घाई कशाला? योग्य वेळी काढू." मी मान डोलावली. कवठावर भूगोल शिकलेला माणूस, मी दुसरं काय करणार.

मोठ्या कंपन्या आल्या. त्यांच्याबरोबर रंगीत पडदे आले, चकचकीत सीडीच्या चकत्या आल्या, विंडोज आलं. टोनीनं विचारणं सोडलं. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात वीज खालीवर झाली आणि राघोच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातून धूर आला. खेळ फ्लॉप्यांवर होता म्हणून जीव भांड्यात पडला. फ्लॉप्या त्यानं बिस्किटांच्या डब्यात घातल्या, डबा प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी माळ्यावर. नवा कॉम्प्युटर घेतला की काढू.

वासंती तेव्हा फक्त एवढं बोलली, "बाबांचं जाळं होतं त्याच जागी ठेवलीत." राघो शिडीवरून उतरला आणि दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. मी मध्ये पडून काही विनोद केला, तो कुणाला चालला नाही.

नव्याण्णवच्या मे महिन्यात क्लासवाल्यांनी त्याला एक बऱ्यापैकी यंत्र घरी वापरायला दिलं. त्याला त्या मोठ्या फ्लॉप्या चालतच नव्हत्या, फट लहान. राघो डबा घेऊन ठाण्याला गेला, मीही बरोबर गेलो. टोनीनं भंगारातून मोठ्या फटीचा जुना कॉम्प्युटर शोधून काढला, धूळ झाडली, जोडला. पाकिटातून फिल्म थोडी बाहेर दिसते ना, तिथे पांढरी बुरशी आली होती. टोनी कापसानं, औषधानं एकेक पुसत बसला. गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्याकडे त्यानं बघितलंही नाही. एकेक फ्लॉपी आत घालायचा, यंत्र घर्र घर्र करायचं आणि थांबायचं.

पहिली तेवढी चालली. पडद्यावर अंगण आलं. होडीवाल्याचा पोरगा, खांद्यावर रिकामं पोतं. राघोनं त्याला दारापर्यंत नेलं. दार उघडायला दुसरी फ्लॉपी लागत होती. ती नव्हतीच राहिली. पोरगा दाराशी उभा राहिला.

टोनी म्हणाला, "बॉस, पुन्हा लिही. तुझ्या डोक्यात आहे सगळं." राघो म्हणाला, बघू. परतताना तो कळव्याच्या खाडीवर गाडी आली तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

इतकंच असतं तरी मी ही हकीकत लिहिली नसती. त्या ऑगस्टात, दिव्यांच्या अवसेला, संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. आमच्याकडून सूर्य जवळजवळ झाकलेला दिसणार असं पेपरात आलं होतं. साध्या डोळ्यांनी बघू नका, काच धरून बघू नका, फ्लॉपीची फिल्म धरूनही बघू नका, हेही आलं होतं. त्यातलं शेवटचं वाचून सगळ्यांना कळलं की फ्लॉपीतून ग्रहण दिसतं. चाळीतली माणसं राघोच्या दाराशी आली. तुझ्याकडे जुन्या पडल्यात म्हणे.

वासंती म्हणाली, नाहीत. राघो आत गेला आणि बिस्किटांचा डबा घेऊन आला. कात्री मागितली. एकेक पाकीट कापून आतली काळी चकती काढली, आणि चकतीचे तुकडे करून वाटले. हडळ कुठल्या तुकड्यात गेली, चाळण कुठल्या, कोण जाणे. पहिली फ्लॉपी, अंगणाची, चालणारी, तीही त्यानं कापली. मी म्हटलं, ती राहू दे रे. म्हणाला, "कशाला? आज लागतेय ना."

सगळे खाडीकडच्या सज्जात उभे राहिलो, हातात राघोचा खेळ धरून. आभाळ गच्च भरलेलं. ढग हलेनात. थोड्या वेळानं सगळीकडे कातरवेळेसारखं झालं, कावळे झाडावर येऊन बसले. आणि मग पुन्हा होतं तसं झालं. सूर्य काही दिसला नाही. मनुबाई म्हणाल्या, "सरलं का?"

राघोनं हात पुढे केला. म्हणाला, द्या ते तुकडे, फेकून देतो.

मंदाकिनीताईंनी आपला तुकडा पदरानं पुसला, पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यात सरळ ठेवला. "असू दे रे, पुढच्या ग्रहणाला होईल," म्हणाल्या.

बाकीच्यांनीही कुणी दिला नाही. राघोचा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मग त्यानं कात्री उचलली, वासंतीच्या शिवणाच्या डब्यात नेऊन ठेवली आणि दार लोटून घेतलं.